‘नाही’ ऐकूच आलं नाही: चारचौघांत बोलणं आणि मन लावून ऐकणं

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामसभेला मी बसले होते. २ ऑक्टोबरची सभा, मारुतीच्या देवळासमोर मंडप, पुढे सतरंजीवर पुरुष मंडळी, मागे खांबांना टेकून बायका. ग्रामसेवकांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं आणि विषयपत्रिकेवरचा पहिला विषय घेतला. खालच्या वस्तीची पाइपलाइन. कागदावरचं वाक्य साधारण असं होतं: ‘खालच्या वस्तीकरिता प्रस्तावित असलेल्या पाणीपुरवठा वाहिनीच्या कामासाठी चालू आर्थिक वर्षात निधी मंजूर झालेला नाही.’

वाक्य लांबलचक, श्वास अर्ध्या वाटेतच संपलेला. ‘निधी मंजूर’पर्यंत आवाज कसाबसा पोचला आणि ‘झालेला नाही’ हे शब्द कागदाच्या आडच विरून गेले. मागे बसलेल्या बायकांच्या कानावर पडलं ते एवढंच: निधी मंजूर. एकीने दुसरीला टाळी दिली. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला तेव्हा त्याच बायका पंचायतीच्या दारात उभ्या होत्या. ‘तुम्हीच तर सभेत सांगितलंत!’ आणि ग्रामसेवक इतिवृत्ताची वही उघडून दाखवत होते, ‘अहो ताई, मी नाही म्हणालो होतो.’

दोन्ही बाजू खरं बोलत होत्या. त्या दिवसापासून भाषणाविषयी कुणी काही विचारलं की मी हाच प्रसंग आधी सांगते. मी शाळेत शिकवते, वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेते, आणि गेली काही वर्षं बचत गटातल्या बायकांना सभेत उभं राहून बोलायला मदत करते. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसत आली आहे. बोलणाऱ्याच्या तोंडून शब्द सुटला म्हणजे काम अर्धंच झालेलं असतं. उरलेलं अर्धं ऐकणाऱ्याच्या डोक्यात व्हायचं असतं, आणि त्यावर बोलणाऱ्याचा ताबा चालत नाही. तिथे फक्त मदत करता येते.

आधी त्या हरवलेल्या ‘नाही’कडे बघू. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. केलं की केलं नाही, मिळणार की मिळणार नाही, याचा सगळा निकाल शेवटच्या एक-दोन शब्दांत लागतो. आता फुप्फुसांचं बघा. वाक्य सुरू करताना छाती हवेने भरलेली असते, त्यामुळे स्वरतंतूंवर हवेचा दाब चांगला असतो आणि आवाज खणखणीत निघतो. शेवटाकडे हवा संपत येते, दाब उतरतो, आवाज बारीक आणि खाली जातो. म्हणजे मराठीत नेमका महत्त्वाचा शब्द नेमक्या अशक्त जागी येऊन बसतो. आपली भाषा अशीच आहे आणि ती आपली आहे, म्हणून तिच्याशी जुळवून घेणं हे बोलणाऱ्याचं काम.

उपाय अवघड नाहीत. पहिला, वाक्य तोडा. वरचंच वाक्य असं सांगता आलं असतं: ‘खालच्या वस्तीच्या पाइपलाइनसाठी आपण पैसे मागितले होते. ते या वर्षी मिळालेले नाहीत. पुन्हा सांगतो, मिळालेले नाहीत.’ दुसरा, श्वास पूर्णविरामाला घ्या. बहुतेक जण वाक्याच्या मध्येच, हवा संपली की घेतात आणि मग शेवट घाईत उरकतात. तिसरा, शेवटचा शब्द जणू शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या हातात द्यायचा आहे, असं समजून बोला. मी सरावाच्या वेळी एका मुलाला वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकवून उभं करते. त्याने फक्त प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द मोठ्याने परत म्हणायचा. ज्या वाक्याला तो गप्प राहिला, ते वाक्य वाया गेलं. ओरडायला न सांगताही मुलं आठवड्याभरात सुधारतात.

माइक असला की हा प्रश्न सुटतो असं अनेकांना वाटतं. माइक फक्त जे आहे ते मोठं करतो. विरून गेलेला ‘नाही’ तो कुठून आणणार? माइक तोंडापासून चार बोटांवर धरा, अगदी समोर न धरता किंचित बाजूला, कारण फ, भ, ध ही आपली महाप्राण अक्षरं हवेचा झोत घेऊन येतात आणि माइकवर ‘भप्प’ असा धक्का बसतो. कुईऽऽ असा आवाज आला तर माइकवाल्याकडे रागाने बघू नका. कर्ण्यातून निघालेला आवाज परत माइकात शिरतोय, तो पुन्हा मोठा होऊन कर्ण्यात जातोय, असं ते चक्र असतं. कर्ण्याच्या समोरून बाजूला झालं की बहुतेक वेळा ते थांबतं.

वाक्य तोडण्याच्या मुद्द्याच्या खाली आणखी एक मोठी गोष्ट आहे. आपण लिहितो डोळ्यांसाठी आणि बोलतो कानांसाठी. वाचताना ओळ निसटली तर डोळा मागे जाऊन ती परत उचलतो. कानाला मागे जाता येत नाही. म्हणून लेखात जी पुनरुक्ती खटकते, ती भाषणात लागतेच. ही गोष्ट आपल्याकडच्या कीर्तनकारांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. नारदीय कीर्तनाची बांधणी बघा. आधी नमन, मग पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचं निरूपण, मध्ये नामाचा गजर, मग उत्तररंगात त्याच विचाराचं एखादं आख्यान. म्हणजे एकच गोष्ट आधी विचार म्हणून सांगितली आणि नंतर कथा म्हणून. निरूपण चालू असताना बुवा कितीही लांब गेले, दृष्टान्तात शिरले, तरी फिरून अभंगाच्या त्याच चरणावर येतात. मध्येच येऊन बसलेल्या माणसालाही दहा मिनिटांत कळतं की आज विषय कुठला आहे. आणि गजर येतो तो लोकांचं मन दमायच्या सुमारास. सगळे टाळ्या वाजवतात, छाती भरून श्वास घेतात, पुन्हा ऐकायला ताजे होतात. चाळीस मिनिटं एका सुरात बोलणाऱ्या पाहुण्यांनी एकदा तरी चांगल्या बुवांच्या कीर्तनाला जाऊन हे बघावं, असं मला मनापासून वाटतं.

मुलांच्या वक्तृत्वाकडे वळते, कारण तिथे आपण पिढ्यान्‌पिढ्या एक चूक करत आलो आहोत. ‘सन्माननीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ अशी सुरुवात, आणि मग कुणीतरी लिहून दिलेलं, शब्दन् शब्द पाठ केलेलं भाषण. आमच्या शाळेतली सातवीतली एक मुलगी तालुक्याच्या स्पर्धेत उभी राहिली. छान चाललं होतं. तिसऱ्या परिच्छेदात एक शब्द अडला. ती थांबली, वर आढ्याकडे बघितलं, ओठ हलले, आणि तिने पुन्हा ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि परीक्षकांनी ‘बस बाळा’ म्हटलं.

तिची तयारी कमी पडली नव्हती, तयारीची पद्धत चुकली होती, आणि ती मी शिकवलेली होती. शब्दशः पाठांतर साखळीसारखं असतं. प्रत्येक शब्द पुढच्या शब्दाला ओढून आणतो. एक कडी निसटली की पुढचं सगळं हाताबाहेर, आणि मेंदूला एकच वाट माहीत असते, पहिल्या कडीपासून पुन्हा सुरुवात. पाढे म्हणताना मध्येच कुणी टोकलं की आपणही ‘सात एके सात’पासून सुरू करतो, ते याचमुळे.

तेव्हापासून मी मुलांना भाषण पाठ करू देत नाही. एसटीच्या थांब्यांसारखे पाच थांबे ठरवायला सांगते. कुठून निघायचं, मध्ये कुठे कुठे थांबायचं, कुठे उतरायचं. प्रत्येक थांब्यावर एक चित्र. झाडांवर बोलायचं असेल तर पहिला थांबा ‘आमच्या शाळेमागचं तोडलेलं कडुलिंब’, दुसरा ‘दुपारी तापलेलं पत्र्याचं छप्पर’, असं. दोन थांब्यांमधला रस्ता त्या त्या वेळी आपल्या शब्दांत कापायचा. एखादा थांबा विसरला तरी पुढच्यावरून गाडी सुरू होते आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक. पहिली अशासाठी की तेव्हा भीती सगळ्यात जास्त असते आणि पाय ठेवायला पक्की जागा हवी. शेवटचं अशासाठी की ते माहीत नसलं तर माणूस ‘आणि म्हणून शेवटी मी एवढंच म्हणेन’ असं तीनदा म्हणत राहतो.

सातवीतली ती मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली. ‘आमच्या आजीला अंगठ्याऐवजी सही करायला मी शिकवलं,’ असं तिचं पहिलं वाक्य होतं. सभागृह त्या वाक्यालाच शांत झालं.

आता भीती. उभं राहायची वेळ आली की तोंडाला कोरड पडते, तळवे ओले होतात, छाती धडधडते, गुडघे लटपटतात. समोर संकट आहे असं शरीराला वाटतं आणि ते पळायची किंवा लढायची तयारी करतं. ॲड्रेनलिन वाढतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, लाळ आटते. स्नायू ताठरले की गळ्याचेही ताठरतात आणि आवाज थरथरतो. यातलं काहीही तुमच्या दुबळेपणाचं लक्षण नाही. वर्षानुवर्षं व्यासपीठावर बोलणाऱ्यांच्याही छातीत धडधडतंच, फक्त ती धडधड आली म्हणजे बिघडलं असं ते मानत नाहीत.

याबाबत दोन प्रयोग मला फार उपयोगी वाटतात. हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही लोकांना भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असं मोठ्याने म्हणायला लावलं, तर काहींना ‘मी उत्साहात आहे’ असं. दुसऱ्या गटाची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटणारी वाटली. कारण समजायला सोपं आहे. धडधडणाऱ्या छातीला ‘शांत हो’ म्हणून ती ऐकत नाही, पण उत्साहातही छाती धडधडतेच. जे चाललंय ते तसंच ठेवून त्याला वेगळं नाव देता येतं. जत्रेत पाळण्यात बसायच्या आधी पोटात गोळा येतो, तो आपल्याला हवासा असतो ना, तसंच.

दुसरा प्रयोग केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांचा, २००३ सालचा. त्यात असं दिसलं की बोलणाऱ्याला आपली घाबरगुंडी जितकी उघडी पडल्यासारखी वाटते, तितकी ती समोरच्यांना दिसतच नाही. आपल्याला आपले ठोके आतून ऐकू येतात, त्यांना येत नाहीत. आणि पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. ज्यांना हे आधीच समजावून सांगितलं, त्यांची भाषणं त्यांना स्वतःलाही आणि बघणाऱ्यांनाही जास्त चांगली वाटली. म्हणजे एवढी माहिती कानावर पडणं हाच एक उपाय आहे. बचत गटात मी ही गोष्ट आवर्जून सांगते. एक मावशी म्हणाल्या, ‘म्हंजे पदराखाली हात कापत्यात ते मलाच ठावं?’ हो मावशी, तुम्हालाच.

शरीराला खाली आणायचं असेल तर श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. सगळे सांगतात ‘दीर्घ श्वास घ्या’. घाबरलेल्या माणसाची छाती आधीच भरलेली असते. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाची गती उतरते. चार आकडे मोजत घ्या, सहा-सात मोजत सोडा, पाच वेळा. खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाला न कळता होतं.

बोलणाऱ्याची दुसरी अडचण भीतीच्या अगदी उलट असते, आणि ती शिकलेल्या माणसांत जास्त दिसते. आपल्याला विषय इतका माहीत असतो की समोरच्याला तो माहीत नाही हे लक्षातच येत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेला प्रयोग तुम्ही आज घरी करू शकता. एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटाने ठोकायची, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. ठोकणाऱ्यांना वाटलं होतं की समोरचा निम्मी गाणी तरी ओळखेल. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. ठोकणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, पेटी, तबला सगळं वाजत असतं. समोरच्याला ऐकू येते फक्त टकटक. मी हा खेळ आरतीच्या चालीवर खेळून बघितला, तीसुद्धा ओळखता आली नाही.

‘प्रशासकीय मान्यता’, ‘तांत्रिक मंजुरी’, ‘कार्यारंभ आदेश’ हे शब्द ग्रामसेवकांच्या डोक्यात पूर्ण गाण्यासारखे वाजत असतात. मंडपातल्या आजींसाठी ती टकटक असते. डॉक्टरांचं, वकिलांचं, बँकेतल्या साहेबांचं आणि आम्हा शिक्षकांचंही हेच. उपाय एकच मला सापडला आहे: बोलायच्या आधी तो विषय माहीत नसलेल्या एका माणसाला सांगून बघायचं आणि ‘कळलं का?’ असं विचारायचं नाही. ‘कळलं’ असंच उत्तर येतं, भिडेपोटी. त्याऐवजी ‘आता तुम्ही हे घरी कसं सांगाल?’ असं विचारायचं. जिथे ते अडखळतात तिथे आपलं बोलणं तोकडं पडलेलं असतं.

वाटेत एक गैरसमज दूर करते, कारण भाषणकलेच्या जवळपास प्रत्येक वर्गात तो सांगितला जातो. ‘संवादात शब्दांना फक्त ७ टक्के महत्त्व, आवाजाला ३८ टक्के आणि हावभावांना ५५ टक्के.’ हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आले. त्या प्रयोगांत भाषणं नव्हतीच. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते, काही ठिकाणी सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले होते, आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड एवढंच ओळखायचं होतं. भावना आणि पसंती-नापसंतीपलीकडे हे सूत्र लावू नये, असं मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे. साधा विचार करा. शब्दांना ७ टक्केच महत्त्व असतं तर तमिळ न येणाऱ्या माणसाला तमिळ भाषणातलं ९३ टक्के कळलं असतं. हात कसे हलवायचे याच्या सरावात मुलांचे तासन् तास जातात आणि काय सांगायचं याला वेळ उरत नाही, हे बघून मला वाईट वाटतं. खरं काही सांगायचं असेल तर हात आपोआप त्याच्याबरोबर हलतात.

इतका वेळ बोलण्याविषयी बोलले. ऐकण्याचा विषय त्याहून खोल आहे आणि आपल्याकडे त्याची स्पर्धा होत नाही, त्यात बक्षीस नसतं, म्हणून कुणी शिकवत नाही.

ऐकू येणं आपोआप होतं, कान बंद करता येत नाहीत. ऐकणं मात्र करावं लागतं. जुन्या मराठीत त्याला सुंदर शब्द आहे, अवधान. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत श्रोत्यांकडे दुसरं काही मागितलेलं नाही, फक्त अवधान मागितलं आहे. देणं हे क्रियापद त्याच्याबरोबर येतं. अवधान द्यावं लागतं, म्हणजे ते आपल्याकडे असतं आणि आपण ते राखून ठेवू शकतो.

आपण ते का राखून ठेवतो? एक कारण वेगाचं आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या राल्फ निकोल्स यांनी ऐकण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. १९५७ साली त्यांनी लिहिलं की इंग्रजी बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १२५ शब्द बोलतो, पण ऐकणाऱ्याचं मन त्याहून किती तरी जोरात धावतं. मधला मोकळा वेळ मनाला सापडतो आणि ते निघून जातं, गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे, बँकेच्या हप्त्याकडे. परत येतं तेव्हा बोलणारा पुढे गेलेला असतो. ऐकून लगेच विचारलं तरी माणसाला जेमतेम निम्मं आठवतं, असं त्यांच्या चाचण्यांत दिसलं होतं, आणि दोन महिन्यांनी साधारण पाव भाग. मन पळतं हा दोष नाही. त्या मोकळ्या वेळेत त्याला याच विषयातलं काम द्यायचं. आत्तापर्यंत काय सांगितलं? याला आधार काय दिला? आता पुढे हा काय म्हणेल? हे तीन प्रश्न मनाशी फिरवत राहिलं की ऐकणं टिकतं.

दुसरं कारण मला जास्त हलवून गेलं. संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात किती वेळ जातो, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांत मोजलं गेलं. सरासरी निघाली सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी. डोळ्याची पापणी लवायला लागतो, साधारण तेवढाच हा वेळ. आणि समोरच्या चित्राचं नाव सांगायला, म्हणजे एक शब्द डोक्यातून ओठांवर यायला, याच्या तिप्पट वेळ लागतो. याचा अर्थ काय झाला? समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला लागलेले असतो. सगळेच, जगभर. गप्पा रंगतात त्या याचमुळे. पण नवरा-बायकोच्या वादात, सासू-सुनेच्या कुरबुरीत, पालक मुलाला जाब विचारत असताना, हीच सवय घात करते. वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकून आपण उत्तराला लागतो. आणि मराठीत निकाल दुसऱ्या अर्ध्यात असतो. ‘आई, मला ती शाळा आवडत नाही असं नाही...’ इतक्यात आई म्हणते, ‘नाही आवडत म्हणजे काय?’ ते ‘असं नाही’ तिच्या कानापर्यंत गेलेलंच नसतं.

कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५०च्या सुमारास यावर एक नियम सुचवला. वाद घालताना आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि ‘हो, मला हेच म्हणायचंय’ असं त्याने म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. आज रात्री घरात करून बघा. पहिल्या दोन-तीन वेळा समोरचा म्हणेल, ‘नाही, असं नाही म्हणाले मी.’ तिथेच कळतं की आपण काय ऐकत होतो. मी आणि माझी वहिनी आईच्या औषधपाण्यावरून वर्षभर धुसफुसत होतो. एकदा मी तिला म्हटलं, ‘थांब, तुझं म्हणणं असं आहे ना की मी दर रविवारी येऊन चार गोष्टी सुचवते आणि सोमवारपासून करायचं सगळं तुला पडतं?’ ती काही क्षण बोललीच नाही. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, ‘हो वन्सं, एवढंच.’ आमचा तोडगा नंतर पाच मिनिटांत निघाला.

ऐकणाऱ्याचा बोलणाऱ्यावर किती परिणाम होतो, याचा एक सुरेख प्रयोग कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बव्हेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. एकाने आपल्यावर आलेला, थोडक्यात टळलेला बाका प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने ऐकायचा. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप वेगळं काम दिलं होतं. एका ठरावीक अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. म्हणजे ते प्रत्येक शब्द ऐकत होते, गोष्ट मात्र ऐकत नव्हते. अशा माणसांसमोर सांगणाऱ्यांचा प्रसंग ढेपाळला. नेमक्या शेवटाशी, जिथे रंगायला हवा तिथे, ते चाचरले, तेच तेच सांगू लागले. ‘अरे बापरे!’ म्हणणारा समोर नव्हता, म्हणून सांगणाऱ्याला शेवट सापडला नाही.

माझी आजी गोष्ट सांगताना दर वाक्याला थांबायची. आम्ही ‘हं’ म्हटलं नाही तर पुढे जायचीच नाही. ‘हुंकार द्या रे पोरांनो,’ म्हणायची. शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात, कीर्तनकाराच्या मागे टाळकरी चरण उचलून धरतात. ऐकणाऱ्याची जागा आपल्या लोकांनी कलेतच बांधून ठेवली होती. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, पुढे गावोगाव व्याख्यानमाला निघाल्या. ‘व्याख्यान ऐकायला जाणं’ हा महाराष्ट्रात संध्याकाळचा कार्यक्रम असायचा, घरी परतताना त्यावर वाद व्हायचे. आता समोर पन्नास माणसं बसलेली असतात आणि त्यांतल्या तीस जणांच्या चेहऱ्यावर खालून निळसर उजेड पडलेला असतो. बोलणाऱ्याला तो लगेच दिसतो. मग तो सभ्यपणे लवकर आवरतो, आणि आपण म्हणतो भाषण काही रंगलं नाही.

शाळेत मी आता वक्तृत्वाच्या तासाला एका मुलाला बोलायला उभं करते तेव्हा दुसऱ्याला ‘ऐकणारा’ म्हणून नेमते. तो पहिल्या बाकावर बसतो. वही-पेन नाही. बोलणं संपल्यावर त्याने तीन वाक्यांत सांगायचं की याने काय सांगितलं, आणि एक असा प्रश्न विचारायचा जो भाषण ऐकल्याशिवाय सुचलाच नसता. गुण दोघांना सारखेच. पहिल्या महिन्यात मुलं बोलायला उत्सुक आणि ऐकायला नाखूश असायची. दिवाळीनंतर मात्र एक मुलगा येऊन म्हणाला, ‘बाई, मी बोलेन, पण ऐकायला समीक्षालाच बसवा.’ मी विचारलं, का? ‘ती बसली की मला पुढचं सुचतं.’

बचत गटाच्या बायकांबरोबर आम्ही हेच केलं. त्या उन्हाळ्यानंतरच्या एका ग्रामसभेला, २६ जानेवारीला, त्या खांबांपासून उठून मधल्या रांगेत आल्या. चौघींना कामं वाटून दिली होती. एकीने बोलायचं, तिघींनी ऐकायचं. बोलायचं वाक्यही आम्ही तोडून तोडून बसवलं होतं. आधी ते असं होतं: ‘आमच्या वस्तीतील पाणीप्रश्नाबाबत ग्रामपंचायतीने तातडीने दखल घेऊन योग्य ती कार्यवाही करावी.’ शेवटी असं झालं: ‘आमच्या नळाला पहाटे साडेचारला पाणी येतं. वीस मिनिटं येतं. आम्ही सत्तावीस घरं आहोत. पाइपलाइनचं काय झालं?’

ग्रामसेवकांनी उत्तर दिलं. तांत्रिक मंजुरी, वार्षिक आराखडा, पुढचं आर्थिक वर्ष, सगळं पुन्हा एका श्वासात. त्यांचं बोलून झालं तशी ऐकायला नेमलेली एक मावशी उठली. आवाज कापत होता, पण शेवटच्या शब्दापर्यंत पोचला. ‘भाऊसाहेब, म्हंजे तुमचं म्हणणं असं, की पैसे अजून आले नाहीत. आराखड्यात नाव घातलंय. एप्रिलनंतर कळंल. बरोबर हाय का?’

ग्रामसेवक तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा वर सरकवला, कागद बाजूला ठेवला आणि या वेळी माइक तोंडाशी नीट धरून सांगितलं, ‘बरोबर. पैसे आलेले नाहीत. एप्रिलमध्ये मी स्वतः येऊन सांगेन.’

मागून, खांबांपाशी बसलेल्या म्हाताऱ्या बायकांमधून, कुणीतरी मोठ्याने म्हणालं, ‘हं.’